काचेखालचा अंगठा

सिक्कीमची पोस्टिंग आली तेव्हा आमच्या एमटी प्लाटूनमध्ये, म्हणजे युनिटच्या गाड्या सांभाळणाऱ्यांत, बीड जिल्ह्याचे दोघंच होतो. मी तेलगावचा, हवालदार ड्रायव्हर. मिलिंद पालीचा, सिपाही ड्रायव्हर. पहिल्याच दिवशी त्यानं "जय हिंद, उस्ताद" ठोकलं आणि हळूच विचारलं, "गावाकडं पाऊस हाय का?" मी म्हणालो, "हितला बघ की आधी." तिथं पाऊस थांबतच नव्हता.

सकाळी पीटी, मग मेंटेनन्स परेड, मग रसद घेऊन वरच्या पोस्टला. गाड्यांच्या समोरच्या काचा सारख्या गळायच्या. त्या कामात मिलिंदचा हात धरणारं कुणी नव्हतं. काचेच्या कडेला भरलेला जुना सीलंट, तो रबरी मसाला, मुळापासून खरवडायचा, कड कोरडी करायची, नवा भरायचा. त्यावर साय धरली की कोपऱ्यात डावा अंगठा दाबायचा. चिकटलं नाही की म्हणायचा, "गाडी पास." त्या अंगठ्यावर पत्र्यानं कापल्याची आडवी खूण होती, तीही सीलंटवर उमटायची.

"दाबलं की तिथं पातळ होतंय बे! तिथूनच गळंल एक दिवस," मी ओरडायचो.

"गळंल तवा तुमी हायेतच की, उस्ताद."

असलं कार्टं. रागवायचं तरी कसं?

त्या दिवशी दुपारी आम्ही पोस्टवरून खाली निघालो. माझी गाडी पुढं, त्याची मागं. वायरलेसवर आम्ही हिंदीतच बोलायचो. त्या दिवशी तो आपल्या बोलीत बोलला.

"आण्णा, वरची माती हलायलीय."

"थांबू नको. पुढं काढ गाडी. ओव्हर."

सेटवर नुसती खरखर आली.

गाडी लावून मागं पळालो. वळणावर रस्ताच नव्हता. गाडी नाही, मिलिंद नाही, नुसता चिखल खाली सरकत होता. मी हातातला वायरलेस सेट तोंडाशी धरून त्या दरीला "रिपोर्ट कर, मिलिंद, रिपोर्ट कर" म्हणत राहिलो.

चिखलातून काढल्यावर पालीला त्याला पेटीत घेऊन मीच आलो. पेटी उघडायची नाही, अशी ऑर्डर होती. त्याची आई, राहीमावशी, पेटीला धरून म्हणाली, "तोंड नगं दाखवू. हात तरी दाखव."

"न्हाई दाखवता येत, मावशी."



आता मी रिटायर होऊन तेलगावला असतो. यंदाच्या पावसात मावशीचा फोन आला. शेवटच्या सुट्टीत मिलिंदनं तिच्यासाठी एक जुनी गाडी घेतली होती आणि स्वतःच दुरुस्त केली होती. "काचंतून पानी यायलंय, लेकरा. पत्रा सडायलाय. समदे इक म्हणतेत. मी इकत न्हाई. तू ये."

गेलो. मॅट भिजून कुजलेली, खालचा पत्रा गंजलेला. मावशीला आत बसवलं आणि बाहेरून काचेवर पाइप धरला.

"हितून!" तिनं आतून डावा कोपरा वाजवला.

काच पुसली, कड कोरडी केली. रबर उचकटलं आणि ब्लेड खाली घातलं. बघतो तर सीलंटमध्ये अंगठा. रेघ न् रेघ दिसत होती, आणि मधून ती आडवी खूण.

आई गं! माझ्या हातातलं ब्लेडच पडलं.

"कावून थांबलास?" मावशी बाहेर आली. मी बोट दाखवलं.

"मिलिंदचा हाय," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "आन् गळतंय कुठून?"

"हितूनच."

"तो काय केला असता?"

"मुळापासून काढला असता, मावशी."

"मग काढ. पन तोडू नगंस."

चारी बाजूंनी ब्लेड फिरवून, खरवसाची वडी काढावी तसा तो तुकडा अख्खा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं त्यावर आपला अंगठा टेकवला.

"त्या दिशी ह्योच हात मागितला होता मी," ती म्हणाली.

मी नवा सीलंट भरला. साय धरेपर्यंत दोघंही ओट्यावर बसलो. मग उठून कोपऱ्यात डावा अंगठा दाबला. तिथं पातळ होणार, मला ठाऊक आहे. होऊ दे. गळंल तवा मी हायच.

सिपाही ड्रायव्हर मिलिंद, गाव पाली. गाडी पास.