कोण, कधी, कुठं

याकोबभाऊ गेले त्या सकाळी मी विद्यापीठाच्या ग्रुपवर त्यांचं हार्दिक अभिनंदन केलं. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या आणि वर फुलांचा गुच्छही टाकला.

माझा बचाव एवढाच, की ऑक्टोबर महिना होता. ऑक्टोबरात आमच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात बातम्यांचं पीक येतं. कुणाची बढती, कुणाचा पीएच.डी.चा व्हायवा, रब्बी ज्वारीचं बियाणं कुठल्या खिडकीवर मिळणार, दिवाळीत मेस किती दिवस बंद, पाणी एक दिवसाआड... सकाळी फोन उघडावा तर चाळीस-पन्नास निरोप, आणि निम्म्यांत कुणाचा ना कुणाचा पांढऱ्या शर्टातला फोटो. याकोबभाऊंचाही तसाच होता. इस्त्रीचा शर्ट, आणि फोटो काढणाऱ्यावर संशय असल्यासारखा चेहरा. मी चष्म्याशिवाय बघितलं, म्हाताऱ्याचा कुणीतरी सत्कार केलेला दिसतोय म्हणून मनापासून आनंदलो आणि मोकळा झालो. दहा मिनिटांनी चष्मा सापडला. मजकूर वाचला. घाईघाईनं तो निरोप पुसायला गेलो, तर तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला. बाकी पाच-सहाशे जणांच्या फोनवर मी अजूनही याकोबभाऊंचं अभिनंदन करतोच आहे.

याकोबभाऊ साळवे ग्रंथालयात शिपाई होते, पण सगळा परिसर त्यांना ओळखायचा तो फळ्यामुळे. पोस्टासमोरच्या चौकात पत्र्याच्या छपराखाली एक मोठा काळा फळा आहे. कार्यालयातून आलेल्या चिठ्ठ्या, विभागांचे निरोप, कुणाची हरवलेली सायकल, सगळं रोज सकाळी याकोबभाऊ त्यावर खडूनं लिहीत. अक्षर असं, की गवंड्यानं ओळंबा लावून एकेक वीट बसवावी. निवृत्त झाले तरी त्यांनी फळा सोडला नाही, आणि दुसरं कुणी तो मागितलाही नाही. त्यांचे काही नियम होते. कुणी वारलं, तर त्या दिवशी फळ्यावर तेवढी एकच बातमी. बाकीचं जग उद्या. आणि ती बातमी लिहिण्याआधी ते त्या घरी जाणार, उंबऱ्याबाहेर चपला काढणार, कागदावरच्या ओळी घरच्यांना वाचून दाखवणार आणि विचारणार, "लिहू का?" घरचे हो म्हणाले, की मगच फळा. कुलसचिवांच्या सहीची चिठ्ठी आली तरी त्याआधी नाही.

आमची ओळख झाली ती माझ्याच गाढवपणातून. मी तेव्हा विस्तार शिक्षण विभागात नवा लागलो होतो. विस्तार शिक्षण म्हणजे शेतकऱ्यापर्यंत माहिती नीट कशी पोचवावी, याचं शास्त्र. हे पुढचं कळावं म्हणून सांगून ठेवतो. एका पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलं होतं आणि त्याचं निवेदन मी स्वतः लिहिलं. त्यात शरद ऋतू होता, चांदणं होतं, ज्ञानाची मेजवानी होती. याकोबभाऊंनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "कुठं हाय, सर?"

"सगळ्यांना ठाऊक आहे," मी म्हणालो, "तुम्ही आहे तसं लिहा."

त्यांनी आहे तसं लिहिलं, चांदण्यासकट. मग पाहुणे ग्रंथालयाच्या सभागृहात बसले, श्रोते मृदाशास्त्राच्या वर्गात, आणि मी हार घेऊन तिसऱ्याच इमारतीत. दुसऱ्या दिवशी याकोबभाऊ भेटले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. फक्त तीन बोटं वर केली. "कोन, कधी, कुठं. ही तीन असली की बातमी झाली, सर. बाकी सगळा पाला. गुरांना घालायचा." नंतरच्या नोकरीत मी संप्रेषणावर दोन पुस्तकं लिहिली. दोन्हींत मिळून जे सांगितलं, ते त्या तीन बोटांपेक्षा जास्त नाही, आणि तेही मला नीट जमलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी सुधा गेली. घरात माणसं भरलेली, मुलगा केडगावहून येऊन पोचला होता, मुलगी परदेशातून फोनवर रडत होती... आणि दारात चपला काढून याकोबभाऊ उभे. खिशातून कागद काढून त्यांनी वाचलं, "सुधाबाई गेल्या. आज सकाळी. अंत्यविधी दुपारी एक वाजता, नदीकाठच्या स्मशानात." मला काय सुचावं? मी म्हणालो, "गेल्या काय? दुःखद निधन लिहा." तशा वेळीसुद्धा मी त्यांच्या मराठीत चूक काढली. ते हळूच म्हणाले, "दुःख वाचनाऱ्याला कळतंय, सर. आपन सांगायला लागलो, की त्याचं त्याला काई उरत न्हाई. लिहू का?" मी मान हलवली. सुधा गेली आहे, हे मला खरं तर त्या वेळी कळलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही.

महिना झाला, मुलं आपापल्या जागी गेली आणि मागच्या गेटाबाहेरच्या आमच्या निवृत्तांच्या कॉलनीत मी एकटा उरलो. अशाच एका सकाळी साडेआठला दार वाजलं. याकोबभाऊ, हातात कागद. "फळ्याचं तेवढं बघून द्या, सर. वय झालं, चुका व्हायल्यात." मी खूश. लाल पेन शोधलं. त्या दिवसापासून रोज साडेआठला ते कागद आणायचे, मी त्यावर लाल रेघा ओढायचो, 'पाणी येणार नाही'चं 'पाणीपुरवठा खंडित राहील' करायचो, ते मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि फळ्यावर नसलेल्या बातम्या सांगायचे. कुणाची म्हैस व्याली, कुठल्या प्राध्यापकाची कुठल्या प्राध्यापकाशी बोलाचाल बंद आहे. मध्येच उठून स्वयंपाकघराची खिडकी उघडायचे. संध्याकाळी मी फिरत चौकात जायचो, तर फळ्यावर आपलं 'पाणी येणार नाही'. माझी एकही दुरुस्ती नाही. सकाळी भांडायचो. "जागा नसते हो सर फळ्यावर," ते म्हणायचे, "तुमचे शब्द लई रुंद." रविवारी ते चर्चला जायचे, म्हणून यायचे नाहीत. रविवार फार लांबायचा.

शेवटचे आले ते बिबट्याची बातमी घेऊन. बिबट्या आमच्याकडे पाहुण्यासारखा येतो, उसाच्या प्लॉटमध्ये राहतो आणि ऊस तुटला की जातो. याकोबभाऊंनी लिहिलं होतं, "बिबट्या दिसला. संध्याकाळी उसाच्या प्लॉटकडे एकट्याने फिरू नये." मी 'बिबट्या' खोडून 'हिंस्र श्वापदाचा वावर' केलं.

"सर," ते म्हणाले, "बिबट्या म्हनलं की मानूस पळतो. श्वापद म्हनलं की अर्थ शोधीत बसतो. तवर त्यो पोचला ना!" आम्ही दोघंही हसलो. जाताना फाटकाशी वळून म्हणाले, "तुमी बी जाऊ नका तिकडं संध्याकाळचं. एकटेच असता." दुसऱ्या दिवशी साडेआठला दार वाजलं नाही. नऊपर्यंत मी चहाचं आधण तसंच ठेवलं, मग रागावलो आणि फोन उघडला. ते झोपेतच गेले होते. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

दफनाच्या वेळी मी अगदी मागं, कडुनिंबाआड उभा राहिलो. वाटायचं, प्रत्येक जण माझ्याकडे बघून तो गुच्छ आठवतोय. त्यांच्या पत्नी मार्थाबाईंसमोर मी गेलोच नाही. एक आठवडा गेला, दुसरा, तिसरा. एव्हाना दिवाळीची सुटी लागली, विद्यार्थी गावी गेले, परिसर ओस पडला. मी संध्याकाळी चौकात जायचो आणि फळ्यासमोर उभा राहायचो. फळा पुसायला कुणी नव्हतं, त्यामुळे ती शेवटची बातमी तशीच होती. 'एकट्याने फिरू नये.' ती वाचून मी एकटाच परत फिरायचो. ज्या माणसानं परिसरातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाला त्या फळ्यावर अख्खा एक दिवस दिला, त्याच्या जाण्याची तिथं एक ओळही नव्हती. कार्यालयात बोललो, तर तिथला तरुण कारकून म्हणाला, "ग्रुपवर टाकलं होतं ना सर. तुम्ही तर प्रतिक्रियाही दिली होती."

मग आपणच लिहायचं ठरवलं. पण लिहायचं, तर त्यांच्या नियमानं लिहायला हवं. म्हणजे त्यांच्या घरी जायला हवं, उंबऱ्याबाहेर चपला काढायला हव्यात आणि मार्थाबाईंना विचारायला हवं. त्यांनी तोंडावर दार लावलं असतं, तरी मला काही म्हणता आलं नसतं. आणखी चार दिवस मी कागदावर मजकूर लिहिण्यात घालवले, म्हणजे न जाण्यात. शेवटी गेल्या गुरुवारी दुपारी निघालो.

चर्चमागच्या वाडीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. मार्थाबाई दारातच सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी चपला काढल्या. त्यांनी वर बघितलं.

"या. अभिनंदन कराया आलात?"

मी तिथंच खिळलो. त्या सुपाकडे बघत म्हणाल्या, "पोरानं दावलं मला मोबाईलमदी. एवढं सगळं रडू चाललेलं आन मधीच तुमचा गुच्छ. ह्ये असते ना, तर पोट धरून हसले असते." आणि हसता हसता त्यांनीच पदर तोंडाला लावला. मी उंबऱ्यावर बसलो. कागद काढला आणि वाचून दाखवला. चार दिवसांच्या मेहनतीचा मजकूर होता. त्यात 'अक्षरसाधक' होतं, 'निःशब्द सेवाव्रती' होतं.

"ह्ये कुनाचं?" मार्थाबाई म्हणाल्या.

"याकोबभाऊंचं."

"न्हाई. ह्यांचं आसं न्हाई लिवायचं. 'गेले' लिवा."

मी खोडलं. म्हणालो, "वहिनी, चार वर्षं मी त्यांचं लिहिलेलं तपासलं, आणि त्यांनी माझी एक दुरुस्ती कधी फळ्यावर घेतली नाही."

"कशी घेनार? बोर्ड तर ते उजाडायला लिहून यायचे. मग घरी येऊन आंघोळ, भाकरी, आन मग तुमच्याकडं."

मला आधी कळलंच नाही. म्हणजे मी साडेआठला ज्या ओळींवर लाल पेन चालवायचो, त्या दोन तासांपूर्वीच फळ्यावर लागलेल्या असायच्या! चार वर्षं. मी एकदाही सकाळचा चौकात गेलो नव्हतो. संप्रेषणाचा निवृत्त प्राध्यापक मी...

"मग कागद कशाला आणायचे?" मी विचारलं.

मार्थाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "म्हनायचे, बाई गेल्यापासनं सर दार उघडत न्हाईत. नुसतं कसे हाय इचारलं, तर बरा हाय म्हनून लावून घेतात. चूक दावली, की आत घेतात." आणि म्हणाल्या, "तुमच्यापायी रोजचा दुसरा चहा हुता त्यांचा. डॉक्टरनं साखर बंद केली हुती, तरी."

त्या घरात मी किती वेळ बसलो, ते आठवत नाही. येत्या रविवारी त्यांच्या आठवणीसाठी प्रार्थना ठेवली आहे, तेही लिहा, असं त्यांनी सांगितलं. मग शेवटी मला विचारावं लागलं. दोनच शब्द. "लिहू का?"

"लिवा. चला, मी बी येते." त्यांनी फडताळातून खडूंचा पत्र्याचा डबा आणि ओलं करायचं फडकं आणलं. फडक्याला अजून पांढरी भुकटी होती.

चौकात कुणी नव्हतं. त्यांच्या नियमानं बिबट्याची ओळ पुसायला हवी होती. त्या दिवशी फळा एकट्याचा असतो. मी फडकं उचललं आणि तसाच उभा राहिलो. ते अक्षर पुसलं, की संपलं. मार्थाबाई मागून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. बिबट्या कुठं गेलाय अजून." मग त्या ओळीखाली मी लिहायला घेतलं. खडू फळ्यावर एवढा करकरतो, हे मला माहीत नव्हतं. ओळ उजवीकडे उतरत गेली, एक जोडाक्षर तीनदा पुसलं, शर्ट पांढरा झाला. पण पाला एका शब्दाचाही नाही. 'याकोबभाऊ साळवे गेले. हा फळा ते लिहायचे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्यासाठी प्रार्थना. सर्वांनी यावे.'

मागं सरून उभा राहिलो. खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या लिहिण्याला लाल पेन लावावंसं वाटलं नाही. मार्थाबाई ओठ हलवत सावकाश वाचत होत्या. वाचून झालं. मग त्यांनी एक बोट वर केलं.

"कोन, हाय." दुसरं बोट. "कधी, हाय." तिसरं बोट वर करून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"कुठं, सर?" त्या म्हणाल्या. "आमचे ह्ये म्हनायचे त्ये खोटं न्हाई. सरांना शिकवून काई उपेग न्हाई."