पाणथळावरचे कांदेपोहे

"मुग्धा का पक्का हो गया। संडे को बर्ड पार्क में दोनों..."

जिन्यात सक्सेना भाभी एवढंच बोलल्या, मला बघितलं आणि शेजारणीला भेंडीचा भाव विचारू लागल्या. आता काय सांगू, अर्धी बातमी पोटात ठेवून झोप लागते का कुणाला?

मुग्धा आमच्या वरच्या मजल्यावरची. इथे सरकारी नोकरीत, आईवडील नागपूरला. पोरगी एकटी, मग मुलगा कसा आहे हे बघायला घरचं कुणी नको? आमच्या निखिलला म्हटलं, चल सोबत. तर म्हणतो, "संडेला ऑफिस आहे गुडगावला. आणि आई, तू प्लीज घरीच बस."

मी कसली बसते. बघण्याचा कार्यक्रम आणि पोहे नाहीत? पहाटे उठून डबाभर कांदेपोहे केले, केशरी साडी नेसले आणि रिक्षाने यमुनाकाठचा पार्क गाठला. तिथे सगळे मातकट कपड्यांत, कुजबुजत. पाण्याशी एक देखणा मुलगा दुर्बीण लावून बसलेला. एकटाच.

"मराठी का हो तुम्ही?"

"हो. काकू, हळू. गवतात पाणलावा पक्षी बसलाय. दीड तास वाट बघतोय."

"बसू दे. घरी कोण कोण असतं? स्वयंपाक येतो? मुग्धा आवडली ना?"

"कोण मुग्धा?"

"लाजताय काय, पोहे घ्या."

डब्याचं झाकण मेलं घट्ट. जोर लावला तर ठण्णकन दगडावर. पाणलावा उडाला, त्याच्यामागे तळ्यातली झाडून सगळी बदकं.

मुलाने दुर्बीण खाली ठेवली. "काकू, माझं लग्न झालंय."

एवढ्यात मागच्या मचाणावरून आवाज आला, "आई?"

बघते तर मातकट टोपी घातलेला निखिल. शेजारी मुग्धा.

"गुडगावचं ऑफिस इथे हलवलं का रे?" मी विचारलं. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली. भाभी गप्प का झाल्या ते मला तेव्हा कळलं. अख्ख्या जिन्याला माहीत होतं, मी सोडून.

मुग्धा मात्र शांतपणे खाली उतरली. "काकू, पक्कं काही नाही अजून. निखिल चांगलाच आहे. पण हो म्हणायच्या आधी म्हटलं, सासू कशी आहे ते जरा बघावं."

म्हणजे भाभींची बातमी अर्धीच खरी. बघण्याचा कार्यक्रम तर अजून व्हायचा होता, आणि नटूनथटून, पोहे घेऊन मीच समोर उभी होते.

मुग्धाने दोन घास खाल्ले, रुमालाला हात पुसले आणि म्हणाली, "कळवते."