दसऱ्याला काढू

मैत्रिणींनो, आज दसरा, म्हणून सकाळीच पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून लावलेला जाड निळा प्लॅस्टिकचा कागद काढला. आमच्या लोणावळ्याकडे पावसाळ्याआधी तो सगळेच लावतात, नाहीतर झडीनं घरभर पाणी होतं.

त्याच खिडकीला लागून आमच्या आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची खाट होती. यंदा त्यांना उठवत नव्हतं. रोज म्हणायचे, "पोरी, येवडा कागद काढ की गं. डोंगर बगू दे."

मी म्हणायचे, "आबा, दसऱ्याला काढू." दसऱ्याआधी कागदाला हात लावायचा नाही, हा माझा नियम. भादव्यात चार दिवस कडक ऊन पडलं, तरी मी काढला नाही.

गणपती गेले आणि मागोमाग आबा गेले.

आज घडी घालताना कागदावर माझी चिकटपट्टी दिसली. पावसाळ्यात तिथं, आबांच्या उशीच्या उंचीवर, रुपयाएवढं भोक पडलं होतं. उंदरांना शिव्या देत मी ते बुजवलं, पुन्हा पडलं, पुन्हा बुजवलं. आज नीट पाहिलं. कुरतडल्याची खूण नव्हती, कडा बाहेरच्या बाजूला ताणलेल्या; ते आतून, खाटेवरून, गजांतून बोट घालून पाडलेलं होतं.



डोंगर आज अगदी लख्ख दिसतोय. तुमच्या घरात कुणी रोज एकच गोष्ट मागतंय का? आज त्यांना काय सांगितलंत?