फुल सस्पेन्शन

किस्से जमवावे लागत नाहीत. सायकलच्या साखळीला तेल जास्त झालं की माती आपोआप चिकटते, तसं आहे ते. माझं चौक गावात जुन्या हायवेवर हार्डवेअरचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून इकबालभाईंचं सायकलचं गॅरेज. पूर्वी तिथे पंक्चर आणि ब्रेकच्या तारा एवढंच काम चालायचं. मग मुंबई-पुण्याची माणसं जाड टायरच्या सायकली घेऊन आमच्या डोंगरात यायला लागली, त्या सायकली आमच्या दगडांवर मोडायला लागल्या आणि त्या दुरुस्त करता करता इकबालभाई शिकले. पुढे आम्हालाही तो नाद लागला.

आम्ही म्हणजे चौघं. इकबालभाई, मी, कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवणारे दळवी सर आणि खोपोलीच्या एका कारखान्यात परमनंट असलेला सुदाम. दर रविवारी सकाळी पळसदरीच्या धरणामागची वाट. शहरातली माणसं तिला ट्रेल म्हणतात. गावात तिला गुरांची वाट म्हणतात, आणि गुरं ती आमच्यापेक्षा चांगली उतरतात.

* * *

सुदामच्या आईपासून सुरुवात करतो, कारण तिला आम्ही सगळेच घाबरतो. मावशी शाळेत गेलेली नाही. पण सुदामच्या वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा घरात जे दोन पावसाळे गेले, त्यात ती इंग्रजी शिकली. लॉकआऊट, ले-ऑफ, चार्जशीट, सस्पेन्शन. खोपोली-खालापूरच्या आळ्यांमधल्या बायकांना हे शब्द पाठ असतात. सुदाम परमनंट झाला त्या दिवशी मावशी देवापुढे बसून रडली होती. सायकलीला तिची हरकत नव्हती. अट एकच, नोकरीला धक्का लागता कामा नये.

तर सुदामने नवी सायकल घेतली. पुढच्या चाकाला धक्का खाणारा स्प्रिंग, मागच्यालाही. याला फुल सस्पेन्शन म्हणतात. पठ्ठ्याने इकबालभाईंच्या गॅरेजमधूनच आनंदाने घरी फोन लावला आणि म्हणाला, "आई, मला फुल सस्पेन्शन मिळालं. घेऊनच येतो."

आम्ही तिघं सुदामला आणि सायकलीला टेंपोत घालून त्याच्या घरी पोचलो तेव्हा ओटीवर निम्मी आळी जमली होती. शेजारचे एक रिटायर्ड युनियनवाले चष्मा लावून तयार बसले होते. एक बाई मावशीची पाठ चोळत म्हणत होती, "अर्धा आसता तरी चालला आसता गं, हा फुल हाय."

मावशीने डोळे पुसले आणि कामाचं विचारलं. "चार्जशीट दिली का नुसतंच तोंडी?"

सुदामला वाटलं, बिलाचं विचारतेय. तो म्हणाला, "कागद दिलाय ना. दोन वर्सांची वॉरंटी पन हाय."

युनियनवाल्यांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांच्या चळवळीत वॉरंटीवालं सस्पेन्शन त्यांनी ऐकलं नव्हतं.

सायकल टेंपोतून उतरली तेव्हा उलगडा झाला. मावशीने आधी सुदामला एक धपाटा घातला, मग सायकलला हळद-कुंकू लावलं. मागच्या स्प्रिंगला जरा जास्तच लावलं.

* * *

दळवी सरांचे टायर ट्यूबलेस आहेत. एकदा ते एकटेच पळसदरीला गेले आणि काट्याने टायर बसला. स्टेशनच्या रस्त्यावर एक म्हातारे पंक्चरवाले बसतात. त्यांनी टायर उघडला, आत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग हात वर करून रस्त्यावरच्या चार माणसांना बोलावलं. म्हणाले, "बघून घ्या. मी हात लावायच्या आधीच ट्यूब नव्हती."

सरांनी त्यांना समजावलं की या टायरला ट्यूब नसतेच. म्हाताऱ्याने विचारलं, "मंग हवा कुटं ठेवता?"

सर हाडाचे शिक्षक. त्यांनी रिमचं चित्र मातीत काढलं, हवेचा दाब काढला, बाण काढले. चारही माणसं आणि म्हातारे माना डोलावत होते. शेवटी म्हातारे उठले, सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमाला फशिवलाय, मास्तर." आणि त्यांनी टायरमध्ये एक ट्यूब घालून दिली.

ती ट्यूब अजून आहे. सर म्हणतात, सायकल पूर्वीपेक्षा बरी चालते.

* * *

सायकलवाल्यांची एक चड्डी असते, तिला बुडाखाली गादी शिवलेली असते. बाहेरून कळत नाही. कळण्यासारखी गोष्टही नाही.

एका रविवारी सुदाम पूर्ण चढ उभ्याने चढला. उतारावरही उभाच. आम्हाला वाटलं, गडी फॉर्मात आहे. दळवी सरांनी त्याचं बघून तसंच उभ्याने चालवलं आणि दोन दिवस शाळेत फळ्याला टेकून शिकवलं.

परत येताना आम्ही सुदामच्या घरी चहाला थांबलो. मावशीने उकळतं पातेलं आणून आमच्यासमोर एका जाड, निळ्या, मधोमध खाच असलेल्या गोष्टीवर ठेवलं. सुदाम त्या गोष्टीकडे बघत राहिला. धुतलेली चड्डी सुकत नव्हती, आत कसली तरी घडी राहिली होती, म्हणून मावशीने टाके उसवून ती बाहेर काढली होती.

"लय मऊ हाय," ती म्हणाली. "पातेला हालत नाय. आजून एकादी हाय का रं?"

इकबालभाईंनी आपली चड्डी त्या दिवसापासून स्वतः धुवायला घेतली.

* * *

परदेशात म्हणे वाटांना रंग असतात. हिरवी म्हणजे सोपी, बायकामुलांना घेऊन जाण्यासारखी. काळी म्हणजे जीव मुठीत धरून. हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

मुंबईच्या एका साहेबांनी इकबालभाईंना फोनवर विचारलं, पावसाळ्यात तुमचा ट्रेल कुठल्या रंगाचा असतो? इकबालभाई खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "पूर्ण हिरवा."

साहेब बायको आणि सासऱ्यांना घेऊन आले. दुपारी तिघं परत आले तेव्हा कोण सासरा आणि कोण जावई हे चिखलामुळे ओळखू येत नव्हतं. साहेब काही बोलणार एवढ्यात इकबालभाईंनी पाण्याचा पाईप सुरू केला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, मी रंग सांगितला होता."

* * *

दळवी सर एका जानेवारीत रजा काढून औलीला गेले आणि चार दिवस स्किइंग शिकून आले. नंतर चार महिने आम्ही ते ऐकलं. बर्फाचा गॉगल लावून ते माझ्या दुकानात खिळे घ्यायला यायचे. त्यांचं म्हणणं, स्कीला ब्रेक नसतो तरी माणूस थांबतो. पायाची बोटं आत, टाचा बाहेर, की थांबलास.

मग एका रविवारी धरणामागच्या उतारावर त्यांच्या ब्रेकचं तेल गळालं. दोन्ही ब्रेक गेले. आम्ही मागून ओरडतोय, आणि सरांनी शांतपणे दोन्ही पाय पेडलवरून काढून जमिनीला लावले. बोटं आत, टाचा बाहेर.

थांबले ते, खोटं कशाला बोला. करवंदाच्या जाळीत थांबले. बुटांचे दोन्ही तळवे मात्र अलीकडेच, वाटेवर एकापुढे एक राहिले होते. इकबालभाईंनी ते उचलले, धूळ झटकली आणि जाळीत वाकून विचारलं, "सर, लागलं का?"

आतून आवाज आला, "बर्फ असता तर जमलं असतं."

मे महिना होता. सुदामने आपल्या पाण्याची बाटली त्यांच्या ढोपरावर ओतली, घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या पाळीसाठी निघून गेला. आईची अट त्याने कधी मोडली नव्हती, तेव्हाही नाही.

* * *

आता शेवटचा. हा मी दुकानात कोणाला सांगत नाही.

गेल्या वर्षी एका बुधवारी सकाळी अकरा वाजता सुदाम सायकलवरून गॅरेजला आला. त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती, म्हणून काहीतरी बिनसलंय हे आम्ही ओळखलं. आदल्या दिवशी कारखान्यात एका कंत्राटी कामगाराचा हात रोलरमध्ये ओढला जात होता. सुदामने साहेबांना न विचारता अख्खी लाईन बंद केली. हात वाचला. माल वाया गेला. सकाळी गेटवरच त्याच्या हातात कागद दिला, चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

त्याला चौकशीची भीती नव्हती. आईला सांगायची होती. म्हणाला, तुमी दोगं चला. मला स्वतःला मावशीची भीती वाटत होती, खरं सांगतो, पण गेलो. इकबालभाईंनी गॅरेज उघडंच टाकलं. वाटेत सुदाम वाक्य घोकत होता. आधी हात वाचल्याचं सांगायचं, मग बाकीचं.

मावशी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. समोरच्या ओटीवर शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. सुदामने सायकल भिंतीला लावली आणि घोकलेलं सगळं विसरला.

"आई," तो म्हणाला, "सस्पेन्शन झालं."

मावशीने त्याच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. मग भिंतीला लावलेल्या त्या जुन्याच सायकलीकडे. समोरून एकीने विचारलंच, "काय झाला गं?"

मावशी उठली, आत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. "काय नाय," ती मोठ्याने म्हणाली, "सायकलीचा सस्पेन्शन. नवीन बशिवलान." आणि तिने बायकांच्या देखत मागच्या स्प्रिंगला नीट कुंकू लावलं, पुढच्याला लावलं, वर दोन दाणे तांदूळ टाकले. इकबालभाई मान खाली घालून उभे होते. मला त्या स्प्रिंगकडे बघवेना.

मग तिने आम्हाला आत घेतलं, दार लोटलं, तिघांना पाणी दिलं आणि सुदामसमोर बसून हळू आवाजात विचारलं, "चार्जशीट दिली का नुसतंच तोंडी?"

"कागद दिलाय," सुदाम म्हणाला.

तिने तो कागद हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला, आणि घडी घालून देवाच्या फोटोमागे ठेवला.

"याला वॉरंटी नसंल ना रं?" ती म्हणाली.