सिलोनच्या वहीतला ताप

"तुमच्या उजव्या फुफ्फुसात ट्युबरक्युलोसिस आहे," एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. ट्युबरक्युलोसिस म्हणजे क्षय. मी विचारलं, "मग जानेवारीत आम्हांला सिलोनला जाता येईल ना?" भीतीने माणूस काहीही विचारतो, मुलांनो.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा पिंपरीच्या नव्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही चिंचवड गावात भाड्याने राहत होतो. तुमची आई शकू तीन वर्षांची होती. सिलोनची, म्हणजे आताच्या श्रीलंकेची, सहल ही माझी हौस. पुण्याहून मद्रास, पुढे धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून बोट, असं सगळं मी एका वहीत इंग्रजीत आखलं होतं. शकूचे पाय समुद्रात कुठे बुडवायचे हेही. आमच्या घरमालकीण बायजाबाई, गावातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. वहीत काय लिहिलंय ते मला विचारून म्हणाल्या, "सीतामाई रडत गेली लंकेला, आन् ह्या हौसेनं चालल्यात."

खोकला दसऱ्याच्या आधीपासून होता. पिंपरीत तेव्हा बांधकामाची धूळ फार. खोकला मी त्या धुळीवर ढकलला. खरं म्हणजे डॉक्टरकडे गेलं की सहल बारगळेल, ही धास्ती होती. मनाच्या समाधानासाठी त्याच वहीत मी रोजचा ताप लिहू लागले. सकाळी सातला, अंघोळ झाल्यावर, न चुकता. ताप कधीच नसायचा.

प्रवासासाठी लस टोचून घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी खोकला ऐकला आणि एक्स-रे काढायला लावला. निदानाच्या दिवशी मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे चाळली.

"बाई, हा ताप संध्याकाळी चढतो. संध्याकाळी एकदा तरी पाहिलात?"

नव्हता पाहिला. संध्याकाळी डोळे जळायचे, अंग मोडून यायचं. ते चुलीच्या धुराने, असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्ही तिकडे लांब राहता, म्हणून सांगते. असा खोकला लागला तर ताप दोन्ही वेळा बघा आणि आपल्या सोयीची कारणं शोधू नका.

मग त्यांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी रोज शकूच्या गरम दूधभातावर फुंकर घालून तिला भरवत होते.

तिची मांटू टेस्ट केली. म्हणजे हाताच्या कातडीत औषध टोचतात. तीन दिवसांत तिथे टणक गाठ आली तर जंतू अंगात शिरलेत असं समजायचं. गाठ आली नाही. पण डॉक्टर म्हणाले, "इतक्यात खात्री देता येत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा टोचू."

ते दोन महिने मी क्षयाच्या इस्पितळात काढले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. या औषधाने कान बधिर होतात असं ऐकलं होतं, तरी त्याची भीती वाटायला जागाच उरली नव्हती. समोरच्या खाटेवरची बाई एका सकाळी दिसली नाही. ती रात्रीच गेली होती.

शकूला सांभाळायला नात्यातलं कुणी पुढे आलं नाही. बायजाबाईंनी तिला आपल्या घरात नेलं. त्यांच्या सुनेने कुरकुर केली, तर म्हणाल्या होत्या, "तुला भ्या वाटतंय तर तू जा म्हायेरी. पोर न्हाई जायाची."

दुसऱ्या टेस्टला तीन दिवस झाले तेव्हा आजोबा आणि बायजाबाई शकूला घेऊन आले. लहान मुलांना आत सोडत नसत. मी व्हरांड्यात, ती सगळी तारेच्या कुंपणापलीकडे. बायजाबाईंनी तिला कडेवर घेतलं. शकूने हसत हात वर केला. हात स्वच्छ होता. माझे डोळे भरून आले आणि तेवढ्यात ध्यानात आलं, हा उजवा हात. टोचलं होतं डाव्यावर.

"दुसरा," मी म्हणाले. "दुसरा हात दाखव."

शकूला वाटलं मी रागावले. तिने डावा हात बायजाबाईंच्या पदराखाली लपवला. बायजाबाईंनी तो हळूच बाहेर काढला, मनगट धरून उंच केला आणि कोपरापर्यंत त्यावरून आपला अंगठा फिरवला.

"बघा, सपाट हाय. डाक्तरनं पट्टीनं मोजलंय. न्हाई काय तुमच्या पोरीला."

मी तिथेच जमिनीवर बसले. सिलोन आम्ही पुढे कधी पाहिलं नाही, आणि मला त्याची हळहळ नाही. तुमची आई आज आहे, तुम्ही आहात. बायजाबाई आता नाहीत. त्यांनी माझ्या मुलीला आजारी माणसाचं मूल म्हणून एक दिवसही वेगळ्या ताटात जेवू घातलं नाही, एवढं तुम्हांला ठाऊक असावं.