मिस्त्री एक, ओळंबे चार

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण हे निदान शेवटी तरी कळायचं. या प्रकरणात ते मला शेवटपर्यंत धड कळलं नाही. नावं कोणाचीच सांगत नाही. सगळी माणसं हयात आहेत आणि बहुतेकांची घरं अजून अर्धवट आहेत.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू होती. रात्रगस्तीचे जवान डोळे चोळत उभे होते, बंदोबस्ताचं वाटप व्हायचं होतं, तेवढ्यात एक बाई थेट रांग ओलांडून माझ्यापुढे आली. हातात साधा, बटणांचा मोबाईल.

"साहेब, माझ्या नवऱ्याला उचलून नेलं."

"कुणी?"

"पांढरी जीप व्हती. काल सकाळी, फाट्यावरून. हाटेलवाल्यानं बघितलं. गाडीत घातलं अन् नेलं."

आमच्या जिल्ह्यात माणूस 'उचलला' म्हटलं की ठाण्यातल्या प्रत्येकाच्या मनात आधी ऊसतोड येते. उचल देऊन मजूर नेणाऱ्या मुकादमाशी काही भानगड आहे का, असं मी विचारलं. ती चिडलीच. "न्हाई हो! मिस्त्री हायेत ते, गवंडी. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"मग येतील की. मिस्त्री लोकांचे फोन बंदच असतात."

"मोठा फोन बंदच असतो. लोकं जीव खातेत म्हणून. पण ह्याचा जोडीदार त्यांच्याकडं हाय." तिनं हातातला फोन पुढे केला. "त्यावर फकस्त माझाच फोन जातो. काल संध्याकाळपसून वाजतोय, अन् उचलत न्हाईत. असं कवाच झालं न्हाई, साहेब. काय तरी केलंय त्यांला."

तेव्हा मात्र मी तिला आत बसवलं. हॉटेलवाल्याचा जबाब घेतला. जीप त्यानं पाहिली होती, नंबर नाही. माणूस मात्र खरोखर गेला होता. अपहरणाचा गुन्हा दाखल केला आणि लहान फोनचं लोकेशन मागवलं. टॉवर नेकनूर भागातला निघाला. त्या टॉवरखाली खंडीभर गावं येतात.

इथे बांधकामाबद्दल थोडं सांगणं भाग आहे. अलीकडे आमच्याकडे ज्याला त्याला स्लॅबचं घर हवं आहे. कोणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कोणाची जमीन रस्त्यात गेलेली असते. नदीची वाळू मिळत नाही म्हणून क्रश सँड आली, मातीच्या विटांच्या जागी राखेच्या विटा आल्या, खेड्यात रेडीमिक्सची गाडी येते. सेंट्रिंगला बिहारी, फरशीला राजस्थानी. सगळं मिळतं, फक्त घर पायापासून उभं करणारा गावचा मिस्त्री मिळत नाही. चांगले होते ते पुण्याला गेले. जे उरले त्यांच्या मागे लोक असे लागतात की पुढाऱ्यांच्या मागेही लागत नाहीत. आमचा हा बेपत्ता मिस्त्री उरलेल्यांपैकी एक, आणि हाताचा फार साफ.

त्याची कामं कुठे कुठे चालू आहेत ते बाईला धड माहीत नव्हतं. एवढंच म्हणाली, "लई ठिकाणी." तिला जीपमध्ये घेतलं आणि निघालो. पहिलं घर एका निवृत्त कंडक्टरचं.

"मिस्त्री आहेत का?"

"हायेत की!"

माझा जीव भांड्यात पडला. बाई तर हात जोडूनच उभी राहिली. आत गेलो. कमरेएवढ्या भिंती, मधे गवत, माणूस कोणी नाही. कंडक्टरनं भिंतीतल्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथे ओळंबा लटकत होता. भिंत सरळ चढते की नाही ते बघायचं दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, तो ओळंबा.

"अहो, मिस्त्री कुठे आहेत?"

"ओळंबा हाय म्हंजे मिस्त्री हायेत, साहेब. ह्याच्याबिगर भिंत कशी चढवतील? येतीलच."

"शेवटचे कधी आले होते?"

"दिवाळीच्या आधी."

"आता होळी आली!"

"म्हणून तर म्हंतो, येतीलच आता."

मी डोक्याला हात लावला. हवालदारानं मला समजावलं की ही इकडची रीतच आहे. दुसऱ्या कामावर जायचं असलं की मिस्त्री आपलं हत्यार मालकाकडे ठेवून जातो. हत्यार घरात आहे तोवर मालक दुसरा मिस्त्री बघत नाही, आणि तसं केलंच तर गावात त्याचीच छीथू होते.

पुढच्या गावी एक किराणा दुकानदार, त्याच्या पुढच्या गावी एक अंगणवाडीच्या बाई. दोन्हीकडे तेच. "मिस्त्री हायेत की!" आणि खिळ्याला ओळंबा. तिन्ही ओळंब्यांची दोरी एकसारखी, हिरव्या लुगड्याच्या काठाची. बाईनं तिसरी दोरी हातात धरली आणि तशीच उभी राहिली.

"माझ्या लुगड्याचा काठ हाय ह्यो. मला म्हणले, दोरी तुटली, जरा पीळ घालून दे. दर वेळी मीच पीळ घालून दिला." मग रडता रडता म्हणाली, "आता घावू दे ह्यो माणूस, मीच तुडवते."

हसावं की गंभीर व्हावं ते कळेना. जीपमध्ये बसल्यावर हवालदार म्हणाला, "साहेब, तिन्ही मालक खोटं बोलत न्हाईत अन् मिस्त्री तर तिथं न्हाई. आता चौथा ओळंबा जिथं असंल तिथं तरी माणूस घावावा."

चौथ्याची खबर दुपारी मिळाली. सिमेंटचा टेम्पो चालवणारा एकजण हवालदाराचा जुना खबऱ्या होता. त्यानं सांगितलं, "नेकनूरच्या शिवाराला एका मेंढपाळाचं घर चाललंय. काल संध्याकाळी त्यो न्हाव्याच्या दुकानात वरडत व्हता, मिस्त्री घावला तर घराच्या पायात गाडतो म्हणून. अन् काल दुपारीच त्यानं घरातला कोबा केलाय. मिस्त्री नसताना."

कोबा म्हणजे मुरूम भरून वर काँक्रीटची जमीन.  बाई समोरच होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती नुसती त्या फोनकडे बघत राहिली.

मेंढपाळाला मेंढरांमागून उठवून ठाण्यात आणलं. साठीचा माणूस, उन्हानं काळा पडलेला. जन्म मेंढरांमागे गेला, दाराला कडी लावून झोपायचं सुख त्याला कधी मिळालं नव्हतं. हे त्याचं पहिलं घर.

"मिस्त्री कुठे आहे?"

"मलाच ठावं न्हाई, साहेब. मीच हुडकतोय."

"गाडतो म्हणाला होतास?"

"व्हय. तसं तर समदेच म्हणतेत."

"खरं बोल बे!" हवालदार टेबलावर हात आपटून ओरडला.

मेंढपाळ त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "वरडू नगा, मेंढरं बुजतेत." सवयीनं बोलून गेला बिचारा. ठाण्यात कुठली आली मेंढरं?

"कोबा कोणी केला?"

"मी अन् माझ्या मंडळीनं. मिस्त्री काल सकाळी येतो म्हणला व्हता. मेंढरं चारून दुपारी आलो तरी पत्त्या न्हाई, वाट बघून कटाळलो. रागाच्या भरात मीच घमेलं उचललं."

चोरानं चोरी नाकारली तर ती नाकारण्याची एक तऱ्हा असते. डोळे तुमच्या हातांकडे असतात, तुम्हाला किती माहीत आहे ते तो मोजत असतो. हा तर सरळ माझ्याकडे बघत होता. पण तसं बघणारे खुनीही मी पाहिले होते. मी काय ठरवायचं? शेवटी पंच घेतले, दोन मजूर आणि पहार घेतली आणि सगळे त्याच्या घरी गेलो.

भिंती उभ्या, वर स्लॅब, दारं-खिडक्या बसायच्या होत्या, म्हणून रात्री तिथे कोणी राहत नव्हतं. दाराजवळ खिळ्याला चौथा ओळंबा. आतली जमीन ओली, हाताच्या बोटांनी सारखी केलेली. मजुरानं पहार उचलली. मेंढपाळाची बायको दाराशी आली आणि उंबऱ्यावर बसली.

"थांबा," बाई म्हणाली आणि तिनं फोन लावला.

आणि घरात फोन वाजला.

रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, कुठून येतो ते कळत नाही. आम्ही सगळे खाली बघत होतो, त्या ओल्या जमिनीकडे. बाईनं फोन टाकून दिला, गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी कोबा उकरायला लागली. "अहो! अहो!" एवढंच म्हणत होती. मेंढपाळ भिंतीला टेकला आणि म्हणाला, "मी न्हाई केलं. मी न्हाई केलं, बाई."  इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पाहिलं नव्हतं.

हवालदार एकटा वर बघत होता. दारावरच्या माळ्यावर, भिंतीला चिकटून, एक कापडी पिशवी होती. तो विटांवर चढला आणि त्यानं ती खाली काढली. आत फोन वाजत होता. सोबत कामाचा मळका सदरा, थापी आणि न उघडलेला जेवणाचा डबा.

बाईनं डबा उघडला. भाकरी, बेसन. "काल सकाळी मीच दिलाय," ती म्हणाली. तिच्या बोटांतून रक्त येत होतं.

म्हणजे मिस्त्री काल सकाळी इथेच कामाला आला होता. घरी कोणी नव्हतं, म्हणून पिशवी माळ्यावर ठेवून फाट्यावर चहाला गेला आणि तिथून उचलला गेला. चार घरांत ओळंबे होते. त्यातल्या खऱ्या ओळंब्याच्या मालकालाच आम्ही धरून आणलं होतं.

"मिस्त्रीला आणखी कोण शोधत होतं?" मी मेंढपाळाला विचारलं. या वेळी खुर्ची नव्हती, त्याच्याशेजारी जमिनीवर बसून विचारलं.

"परवा धारूरकडच्या तात्यांचा माणूस आलता. पांढरी जीप. मिस्त्री कवा येणार म्हणून इचारत व्हता. मीच म्हणलो, उद्या सकाळी येणार हाय."

तात्या म्हणजे मोठे बागायतदार. निवडणुकीला उभे राहायचा विचार, आणि त्याआधी बंगल्याची वास्तुशांत. त्या हद्दीतल्या ठाण्याला कळवलं आणि घाट चढलो. डोंगराच्या कडेला बंगला दिसला. दारात पांढरी जीप, तिच्यामागे रेडीमिक्सची गाडी, पंपाचा लांब पाईप थेट गच्चीवर. आणि वर, सळयांच्या जाळीवर उभा राहून बिहारी पोरांना हातवारे करणारा आमचा मयत.

"साहेब, जरा थांबा!" तो वरूनच ओरडला. "गाडी खाली व्हतीय, माल आळल!"

अपहरण झालेल्या माणसानं पोलिसांना थांबायला सांगितल्याचं मी तरी दुसरं उदाहरण ऐकलेलं नाही. बाई मात्र थांबली नाही. बांबूच्या शिडीवरून डबा घेऊन वर गेली.

"तू कावून आलीस इथं?" तो दचकलाच.

तिनं डबा त्याच्या पायाशी आपटला. "मी तुमाला मेलेलं धरलं व्हतं! त्या गरिबाच्या घरात बोटांनी जमीन उकरत व्हते, तुमचं मढं काढाया!" आणि हात पुढे करून दाखवले.

मिस्त्रीचं तोंड उतरलं. "रात्री खोलीला कुलूप घातलं. पण मला म्हणले, घरी निरोप दिलाय," तो कसाबसा पुटपुटला. मोठा फोन त्याच्याकडून काढून घेतला होता आणि निरोप कोणीच दिला नव्हता.

तात्या हसत पुढे आले. "वहिनी, जावयावानी ठिवलंय आम्ही. इचारा, मटण व्हतं का न्हाई?"

"जावई हाय तर रात्री कुलूप कावून लावलं?"

 बाईनं गाडीच्या फिरणाऱ्या ड्रमकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिथेच कडेला बसली. "संपवा एवढं. कुणाचं घर मधी न्हाई सोडायचं. मंग मी सांगते." आम्ही सगळे, तात्यांसकट, स्लॅब होईपर्यंत उभे राहिलो. त्यानंतरच जीपवाल्यांना ताब्यात घेतलं.

पुढे मिस्त्रीनं न्यायाधीशांसमोर जबाब दिला की मी राजीखुशीनं गेलो होतो. त्याला याच मुलखात राहायचं होतं, मी काय समजायचं ते समजलो. बायको शेवटपर्यंत म्हणत राहिली की उचलूनच नेलं. तपासाचा शेवट 'सी समरी'त झाला. म्हणजे गुन्हा खराही नाही, खोटाही नाही, गैरसमजातून नोंदला गेला. आधी मला ही समरी पळवाट वाटायची. या प्रकरणात मात्र दुसरं काय लिहायचं ते मलाही सुचलं नाही. माणूस कोंडलेला होता आणि काम मन लावून करत होता, दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाईनं मात्र ठरवायचं ते ठरवलं. एसटीनं गावोगाव फिरून तिनं सगळे ओळंबे परत आणले, मालकांच्या शिव्या खाल्ल्या आणि एकच ओळंबा ठेवला. तो आधी मेंढपाळाच्या घरी गेला. तिथला उकरलेला कोबा मिस्त्रीनं स्वतः पुन्हा केला. तेव्हापासून मिस्त्री कुठे जाणार ते बाई ठरवते. ओळंबा जिथे लटकतो, मिस्त्री तिथेच असतो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पोलिसाला मुद्देमाल दिसला की माणूस सापडल्यासारखं वाटतं. वस्तू एवढंच सांगते की माणूस इथे येऊन गेला. तो कुठे आहे आणि परत येणार का, ते त्याच्या घरी वाट बघणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं.

आता मी निवृत्त आहे. बीडला प्लॉट घेतला, भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि माझा मिस्त्री पुण्याला निघून गेला. तीन महिने काम बंद. पत्नी रोज विचारते, पत्र्याखाली अजून किती दिवस? डोक्यात काय काय येतं ते सांगायची सोय नाही. तात्यांचा रागही आता पूर्वीसारखा येत नाही.

परवा न राहवून त्या बाईच्या घरी गेलो. तिनं चहा दिला, विचारपूस केली, मी अवघडून विषय काढला.

"येतील की, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या आधी दोन घरं हायेत. तुमचा नंबर आला की ओळंबा घेऊन मीच येते." मग दारापर्यंत सोडायला आली आणि हसून म्हणाली, "तेवढी जीप पाठवू नका."

मी घरी आलो. अर्ध्या भिंतीत एक खिळा ठोकून ठेवलाय.