टाचेपाशी थांबलेला मोजा

सनाचा फोन आला तेव्हा मी आपांकडे जायलाच निघाले होते, चप्पलसुद्धा पायात होती. "मावशी, अम्मी गेली..." एवढंच ती म्हणाली. मी तशीच जिना उतरले आणि समोरच्या इमारतीत गेले. वेळ आमच्या रोजच्या चहाची होती.

रझियाआपा निवृत्त शिक्षिका. बिबवेवाडीत आम्ही एकाच सोसायटीत राहायचो. दुपारी मी जायची, बोलायची, आणि त्या विणता विणता ऐकायच्या. विणायच्या फक्त मोजे, तेही अंगठा वेगळा ठेवून, म्हणजे थंडीत चप्पल घालता येते. मला कुतूहल होतं ते टाचेचं. वरून नळीसारखं सरळ उतरणारं विणकाम एकदम पावलाकडे वळतं कसं? इतकी वर्षं शेजारी बसूनही मी ते वळण कधी पाहिलं नव्हतं. निघताना सुयांवर नळी असायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर टाच तयार!

विचारलं की म्हणायच्या, "टाचेला टाके मोजावे लागतात, सुनंदा. तू बोलायला लागलीस की माणूस स्वतःचं नाव विसरतो, टाके कुठले लक्षात राहणार?"

"मग मला हाकलून द्या ना, आपा."

"बस गं. चहा व्हायचाय अजून."

हे 'बस' मनापासूनचं की नुसतं तोंडदेखलं, ते मला कधीच कळलं नाही. घरी येताना चुटपुट लागायची, की आपण त्यांना आवडतो, का त्या आपल्याला फक्त सोसतात? विचारायची सोय नव्हती, कारण त्यावर काय ऐकावं लागेल हे मला चांगलं ठाऊक होतं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर सनाने एक पिशवी माझ्या हातात ठेवली. आपा तिच्यासाठी मोजे विणत होत्या. एक पुरा झाला होता, दुसरा सुयांवरच होता. "तुम्ही पूर्ण कराल, मावशी? तुम्ही तर रोज बघत होता." आता हिला काय सांगणार!

घरी येऊन टाच नीट बघावी म्हणून दोन्ही मोजे पलंगावर शेजारी ठेवले. आणि चक्रावलेच. दुसऱ्याची नळी पहिल्यापेक्षा चांगली चार बोटं लांब होती, आणि टाचेचा अजून पत्ता नव्हता. एक टाका चुकला तरी ओळ उसवणाऱ्या आपांच्या हातून हे कसं झालं?

मग ती शेवटची दुपार आठवली. सुनेशी माझं वाजलं होतं आणि ते सगळं रामायण सांगत मी दिवेलागणीपर्यंत बसले होते. टाच सुरू करायची तर मला उठवावं लागलं असतं... आपा सरळच विणत राहिल्या. मला फार रडू आलं, आणि फार बरंही वाटलं.

टाच मी शिकतेय. सनाला जोडीचा नवा मोजा विणून देईन. हा मात्र उसवणार नाही, आणि पुराही करणार नाही. हा माझा आहे.